डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह: आयर्लंडच्या पहिल्या कारभाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंड म्हटलं की आम्हाला डी व्हॅलेरा नाहीतर मायकेल कॉलिन्स माहीत. हा कॉसग्रेव्ह मधेच कुठून आला?

मधेच नाही, तो सुरुवातीपासून तिथेच होता, फक्त फोटोत कडेला उभा असायचा. विल्यम थॉमस कॉसग्रेव्ह हा 1922 ते 1932 अशी सलग दहा वर्षं नव्या आयरिश राज्याचा प्रमुख होता. पद आपल्या भाषेत पंतप्रधानाचं, नाव मात्र 'कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष'. कॉलिन्स 31 व्या वर्षी गोळी लागून गेला म्हणून दंतकथा झाला, डी व्हॅलेरा एवढा जगला आणि एवढा काळ सत्तेत राहिला की इतिहास त्याच्याभोवतीच फिरला, आणि या दोघांच्या मधे जो माणूस रोज ऑफिसात जाऊन फायली काढत बसला त्याच्यावर कोण कशाला सिनेमा काढेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॉसग्रेव्ह हा हाडाचा नगरसेवक होता, त्याच्या हाती देश आला तेव्हाही तो नगरसेवकासारखाच वागला. त्याचं चांगलं आणि त्याचं भयंकर, दोन्ही तिथूनच येतं.

घरची परिस्थिती वगैरे?

जन्म जून 1880, डब्लिनच्या जेम्स स्ट्रीटवर. घरचा धंदा किराणा आणि दारूचा, म्हणजे पुढे दुकान आणि तिथेच पब, डब्लिनमध्ये तेव्हा हे कॉमन होतं. वडील लवकर गेले. शिक्षण ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत, मग थेट गल्ल्यावर. कॉलेज नाही, कविता नाही, त्या पिढीतल्या बऱ्याच नेत्यांसारखी आयरिश भाषेवरची हुकूमत पण नाही. 1905 ला आर्थर ग्रिफिथने शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाची पहिली परिषद घेतली तेव्हा हा हजर होता आणि 1909 ला शिन फेनच्या तिकिटावर डब्लिन कॉर्पोरेशनमध्ये निवडून आला. झोपडपट्टीसारख्या जुन्या इमारती, पाणी, गटारं, घरपट्टी हे त्याचे विषय. डब्लिनमध्ये तेव्हा हजारो कुटुंबं एकेका खोलीत राहायची, त्यामुळे काम भरपूर होतं.

मग हा हिशोबी माणूस ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावात काय करत होता?

लढत होता, आणि चांगला लढला. 1913 ला तो आयरिश व्हॉलंटियर्स या राष्ट्रवादी स्वयंसेवक सैन्यात गेला. ईस्टरच्या उठावात तो चौथ्या बटालियनमध्ये, एमन केंटच्या हाताखाली, साउथ डब्लिन युनियनमध्ये होता. ही जागा म्हणजे किल्ला नव्हे, गोरगरिबांसाठीचं प्रचंड मोठं वर्कहाउस आणि हॉस्पिटल, आत हजारो पेशंट, म्हातारी माणसं, आणि त्यांच्यामधून खोल्याखोल्यांतून ब्रिटिश सैन्याशी गोळीबार. कॉसग्रेव्ह त्याच गल्लीत वाढलेला, त्यामुळे त्याला तिथला कोपरा न कोपरा माहीत होता. त्याचा सावत्र भाऊ फ्रँक बर्क तिथेच मारला गेला. त्याचा साथीदार कॅथल ब्रूहा इतका जखमी झाला की वाचेल असं कोणाला वाटलं नव्हतं. शरणागतीनंतर केंटला गोळ्या घातल्या, कॉसग्रेव्हलाही मृत्युदंडाचीच शिक्षा झाली होती पण ती कमी करून जन्मठेप केली. 1917 च्या माफीत सुटला.

टिळकांची होमरूल लीग आणि हे सगळं एकच का?

नाव तिकडूनच आलं, पण टायमिंग बघा. टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली 28 एप्रिल 1916 ला. त्याच आठवड्यात, 24 ते 29 एप्रिल, डब्लिनमध्ये उठाव चालू होता, आणि त्या उठावाने आणि त्यानंतरच्या देहदंडांनी आयर्लंडमधलं होमरूलचं राजकारण हळूहळू संपवलं. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवसांत तो शब्द सभेसभेत पोचायला लागला त्याच दिवसांत त्याच्या माहेरी त्याची किंमत उतरत होती. तिकडे होमरूलवाला म्हणजे जॉन रेडमंडचा पक्ष, ब्रिटिश संसदेत बसून कायद्याने मर्यादित स्वराज्य मिळवू म्हणणारा. शिन फेनवाले म्हणायचे त्या संसदेत जायचंच नाही. कॉसग्रेव्ह या दुसऱ्या गटातला.

निवडून कधी आला?

ऑगस्ट 1917, किलकेनी सिटीची पोटनिवडणूक. मग 1918 च्या 'जर्मन कट' प्रकरणात (शिन फेन जर्मनीशी हातमिळवणी करतंय हा ब्रिटिशांचा आरोप) पुन्हा आत टाकलं आणि डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत जेलमध्ये बसूनच बिनविरोध आला. शिन फेनला 105 पैकी 73 जागा. 21 जानेवारी 1919 ला या लोकांनी लंडनला न जाता डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली, तिचं नाव डॉल. त्या दिवशी हजर जेमतेम 27, बाकी बरेचसे जेलमध्ये.

त्याला कुठलं खातं मिळालं? ते एवढं महत्त्वाचं का म्हणतात?

लोकल गव्हर्नमेंट, म्हणजे नगरविकास अधिक जिल्हा परिषद समजा. ऐकायला एकदम कंटाळवाणं, पण माझ्या मते ब्रिटिशांविरुद्धच्या 1919-21 च्या लढ्यातली सगळ्यात हुशार लढाई इथे झाली आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

झालं असं की 1920 मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या, जानेवारीत शहरांच्या, जूनमध्ये ग्रामीण भागाच्या. ब्रिटिशांनी मुद्दाम पसंतीक्रमाची पद्धत आणली, आपल्याकडे विधान परिषदेला आमदार 1, 2, 3 लिहून मत देतात ना, तीच, फक्त इथे सगळ्या मतदारांसाठी. हेतू हा की शिन फेनला एकहाती सत्ता मिळू नये. तरी बहुतेक कौन्सिलं शिन फेनकडे गेली. आता या कौन्सिलांनी जाहीर केलं की आम्ही ब्रिटिशांच्या बोर्डाला हिशोब दाखवणार नाही, आमचं सरकार डॉलचं. ब्रिटिशांनी ग्रँट बंद केल्या. आता रस्ते, दवाखाने, वेड्यांची इस्पितळं, नोकरांचे पगार हे सगळं कशातून चालवायचं?

इथे कॉसग्रेव्हचं खातं कामाला आलं, आणि त्याच्या हाताखाली केव्हिन ओ'हिगिन्स नावाचा एक तरुण, जो पुढे फार मोठा झाला. घरपट्टीचा पैसा बँकेतल्या ऑफिशियल खात्यात ठेवला तर ब्रिटिश कोर्ट जाळपोळीची नुकसानभरपाई म्हणून तो जप्त करणार, म्हणून पैसा विश्वासातल्या माणसांच्या नावावर फिरवायचा. वसुली करणाऱ्यांमध्ये काही प्रामाणिक, काही पैसे घेऊन गप्प बसणारे, काही घाबरलेले. वर्कहाउसं बंद करून खर्च कमी करायचा. आणि हे सगळं करणारं खातं स्वतःच भूमिगत, आज या खोलीत उद्या त्या खोलीत, छापा पडला की कागद घेऊन पळा. बंदूकवाल्यांचे पोवाडे झाले, पण गावच्या दवाखान्याचं बिल ब्रिटिशांना न विचारता भरलं जातंय हे लोकांना दिसलं तेव्हाच राज्य बदलल्यासारखं वाटलं असणार.

ब्रिटनशी झालेल्या 1921 च्या करारात त्याची भूमिका काय होती?

तो लंडनला बोलणी करायला गेला नव्हता, पण निर्णायक मत त्याचं. 6 डिसेंबर 1921 ला करार झाला: साम्राज्यात राहून कॅनडासारखा स्वराज्याचा दर्जा, राजाशी निष्ठेची शपथ, काही बंदरं ब्रिटिशांकडे, आणि उत्तरेच्या सहा काउंट्यांना बाहेर राहायची मुभा. डब्लिनला सात जणांच्या मंत्रिमंडळात तीन विरुद्ध, डी व्हॅलेरा, ब्रूहा, स्टॅक. बाजूने ग्रिफिथ, कॉलिन्स, बार्टन. उरला कॉसग्रेव्ह. डी व्हॅलेराला तो आपल्या बाजूने येईल असं वाटत होतं म्हणतात, पण तो कराराच्या बाजूने गेला, 4 विरुद्ध 3. पुढे डॉलमध्ये 7 जानेवारी 1922 ला 64 विरुद्ध 57. नुसता एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर मंत्रिमंडळानेच करार फेटाळला असता, त्यामुळे 'कडेला उभा असलेला' वगैरे मी वर म्हटलं ते जरा जपून घ्या.

मग प्रमुख कसा झाला? निवडणूक वगैरे?

दहा दिवसांत दोन मोठे नेते गेले. कराराच्या बाजूचे आणि कराराविरोधक यांच्यात यादवी सुरू झाली होती 28 जूनला, विरोधकांनी ताब्यात घेतलेल्या फोर कोर्ट्स या डब्लिनच्या कोर्टाच्या इमारतीवर तोफा डागून. 12 ऑगस्टला ग्रिफिथ मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, 22 ऑगस्टला कॉलिन्स कॉर्कमध्ये बेल ना ब्ला इथे दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने. तीन दिवसांनी कॉसग्रेव्ह हंगामी सरकारचा अध्यक्ष, सप्टेंबरमध्ये डॉलचाही. अनेकांना वाटलं हा तात्पुरता, काही महिन्यांत दुसरा येईल. नाकापेक्षा मोती जड होईल असा कोणी त्यांना नकोच होता, त्यामुळे साधा, बुटका, विनोद करणारा, कारभार माहीत असलेला माणूस सगळ्यांना चालला.

77 जणांना गोळ्या घातल्या तो हाच का?

हो. आणि हे टाळून कॉसग्रेव्हचं कौतुक करणारे लेख वाचवत नाहीत.

सप्टेंबर 1922 मध्ये डॉलने लष्करी कोर्टांना मृत्युदंडाचा अधिकार दिला. 17 नोव्हेंबरला पहिले चार तरुण, गुन्हा काय तर शस्त्र बाळगणं. 24 ला कराराविरोधी नेता अर्स्किन चाइल्डर्स, ज्याच्याकडे सापडलेलं छोटं पिस्तूल कॉलिन्सनेच त्याला भेट दिलेलं होतं असं सांगतात. 7 डिसेंबरला कराराच्या बाजूचा खासदार शॉन हेल्स डब्लिनमध्ये मारला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माउंटजॉय जेलमध्ये रॉरी ओ'कॉनर, लियम मेलोज, जो मॅकेल्व्ही आणि डिक बॅरेट या चौघा कराराविरोधी नेत्यांना उभं करून गोळ्या घातल्या. हे चौघं जूनपासून जेलमध्येच होते, हेल्सच्या खुनाशी त्यांचा संबंध असणंच शक्य नव्हतं, खटला नाही, काही नाही. सरळ बदला आणि दहशत. रॉरी ओ'कॉनर वर्षभरापूर्वी केव्हिन ओ'हिगिन्सच्या लग्नात त्याचा बेस्ट मॅन होता, आणि आता मंत्री असलेल्या त्याच ओ'हिगिन्सची त्या निर्णयाला संमती.

सरकारी म्हणून तोंडपाठ असलेला आकडा 77, काही अभ्यासक 80 च्या वर मोजतात. ब्रिटिशांनी 1920-21 मध्ये फाशी दिलेले किंवा गोळ्या घातलेले 24. म्हणजे स्वतःच्या सरकारने परक्यांपेक्षा तिप्पट. 1923 च्या सुरुवातीला तडजोड घेऊन आलेल्या लोकांना कॉसग्रेव्हने सुनावलं की दहा हजार रिपब्लिकन (म्हणजे कराराविरोधक) संपवावे लागले तरी चालतील, तीस लाख जनता त्यांच्यापेक्षा मोठी. याच माणसाचं टेम्पलोगमधलं घर जानेवारी 1923 मध्ये विरोधकांनी जाळलं. मला तो रक्तपिपासू वाटत नाही, आणि तेच जास्त अस्वस्थ करतं. बजेट बसवावं तसा त्याने हा हिशोब बसवला.

मे 1923 मध्ये शस्त्रं टाकायचा आदेश निघाला आणि यादवी संपली. कटुता मात्र पुढची पन्नास वर्षं मतदानात दिसत राहिली.

एवढं सैन्य हाताशी असताना तो हुकूमशहा का झाला नाही?

उलट सैन्यच कमी केलं. यादवी संपताना सुमारे 55,000 सैनिक होते, एवढ्यांचा पगार परवडणारच नव्हता. कपात सुरू झाल्यावर मार्च 1924 मध्ये काही अधिकाऱ्यांनी लेखी धमकी दिली. कॉसग्रेव्ह ऐन वेळी आजारी पडला (खरंच आजारी की राजकीय आजारी यावर तेव्हापासून चर्चा आहे) आणि ओ'हिगिन्सने प्रकरण हाताळलं. बंड करणारे गेले, आणि त्यांना परस्पर पकडायला गेलेले वरिष्ठ जनरलही गेले, संरक्षणमंत्री मल्काहीने राजीनामा दिला. लष्कराने सरकारचं ऐकायचं हे तिथे कायमचं ठरलं. पोलीस दल, गार्डा, तर यादवीच्या काळातच बिनशस्त्र ठेवलं होतं, आजही रस्त्यावरचा साधा गार्डा बंदूक घेऊन फिरत नाही.

उत्तरेची सीमा? तिथे तर फेल गेला ना?

गेला. सीमा ठरवायला बाउंड्री कमिशन नेमलं तेव्हा राष्ट्रवाद्यांना वाटत होतं उत्तरेतल्या फर्मानाह, टायरोन या काउंट्या मिळतील. नोव्हेंबर 1925 मध्ये लंडनच्या मॉर्निंग पोस्टने रिपोर्ट फोडला, कळलं की मिळणार थोडं, उलट स्वतःच्याच डोनेगल काउंटीचा तुकडा जाणार. 3 डिसेंबरला कॉसग्रेव्ह सरकारने लंडनला जाऊन सीमा आहे तशी ठेवली आणि बदल्यात ब्रिटिश कर्जाच्या वाट्यातून सुटका करून घेतली. हिशोबात फायदा झाला, पण उत्तरेतल्या कॅथलिकांनी काय म्हणायचं? त्यांना वाऱ्यावर सोडलं ही टीका मला योग्य वाटते.

चांगलं काय केलं मग? काही दिसण्यासारखं?

शॅनन स्कीम. शॅनन नदीवर आर्डनाक्रशा इथे जलविद्युत प्रकल्प, 1925 मध्ये जर्मन सीमेन्सला कॉन्ट्रॅक्ट, खर्च 52 लाख पौंडांच्या आसपास, देशाच्या एका वर्षाच्या बजेटचा पाचवा हिस्सा. विरोधक म्हणाले एवढ्या विजेचं करणार काय. थॉमस मॅक्लॉफलिन नावाच्या तिशीतही न पोचलेल्या इंजिनिअरने हे डोक्यात घेतलं आणि सरकारला पटवलं. 22 जुलै 1929 ला कॉसग्रेव्हच्या हस्ते उद्घाटन. वीज विकायला 1927 मध्ये सरकारी कंपनी काढली, ईएसबी, ती आजही आहे आणि आर्डनाक्रशा अजून वीज देतं.

पण तिथेही बघा, अकुशल मजुराला आठवड्याला 32 शिलिंग, संप झाला, तो मोडला, आणि जागा नसल्याने काही मजूर गोठ्यांत आणि डुकरांच्या खोपट्यांत राहिले. 1924 मध्ये म्हाताऱ्यांची पेन्शन 10 शिलिंगवरून 9 केली होती. एक शिलिंग! त्या एका शिलिंगने या सरकारचं जेवढं नुकसान केलं तेवढं विरोधकांच्या भाषणांनी केलं नसेल. दिवाळं निघणार नाही ही एकच चिंता, त्यापायी गरिबाच्या पोटावर पाय. शिवाय घटस्फोट बंद, पुस्तकांवर सेन्सॉर, बायकांना ज्युरीतून जवळपास बाहेर काढलं, बिशप म्हणतील ते प्रमाण. पुरोगामी वगैरे समजू नका.

एका आमदाराने सरकार वाचवलं ती गोष्ट खरी आहे का?

आमदार नाही, तिकडचा खासदार, पण गोष्ट खरी. 10 जुलै 1927 ला ओ'हिगिन्सचा चर्चला जाताना खून झाला. कॉसग्रेव्हने कायदा आणला की उमेदवाराने निवडून आल्यावर करारातली राजनिष्ठेची शपथ घेईन असं आधीच लिहून द्यायचं, नाहीतर उभंच राहायचं नाही. त्यामुळे इतकी वर्षं शपथेवरून बाहेर बसलेला डी व्हॅलेरा आणि त्याचा फियाना फॉल पक्ष शपथेला 'नुसते शब्द' म्हणत ऑगस्टमध्ये सभागृहात आला. आल्या आल्या अविश्वास ठराव! 16 ऑगस्टला मतं 71-71, सभागृहाच्या अध्यक्षांच्या (आपल्याकडचा सभापती) मताने सरकार वाचलं. कारण स्लायगोचे जॉन जिंक्स मतदानाला गायब. त्यांना पत्रकार आणि एका खासदाराने मिळून भरपूर पाजली आणि ट्रेनमध्ये बसवून दिलं अशी कथा डब्लिनमध्ये अजून सांगतात, जिंक्स यांनी ती मान्य केली नाही. रिसॉर्टवर नेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं म्हणायचं. पुढे त्यांच्या नावाचा घोडा 'मिस्टर जिंक्स' 1929 ची टू थाउजंड गिनीज रेस जिंकला, आणि कॉसग्रेव्ह स्वतः रेसचा शौकीन, त्यामुळे त्याला केवढी मजा आली असेल.

1932 मध्ये खुर्ची सोडताना खरंच काही गडबड झाली नाही?

नाही, आणि त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. फेब्रुवारी 1932 च्या निवडणुकीत फियाना फॉल 72, कॉसग्रेव्हचा पक्ष कुमान ना गेल 57. आता विचार करा, ज्यांच्या मित्रांना दहा वर्षांपूर्वी तुम्ही गोळ्या घातल्या, ज्यांनी तुमचं घर जाळलं, त्यांच्याच हाती सैन्य, पोलीस, गुप्त फायली द्यायच्या. अफवा भरपूर होत्या, लष्कर उठाव करेल, पोलीसप्रमुख ओ'डफी काहीतरी करेल. 9 मार्चला डॉल भरलं तेव्हा फियाना फॉलचे काही सदस्य कोटाच्या खिशात पिस्तूल घेऊन आले होते म्हणतात. मतदान झालं, कॉसग्रेव्ह उठला आणि विरोधी बाकावर जाऊन बसला. त्या दशकात युरोपात किती ठिकाणी उलटं झालं ते आठवा.

आणि मग ब्लूशर्ट?

हा डाग. 1933 मध्ये तीन गट मिळून फिन गेल पक्ष झाला, त्यात निळे शर्ट घालून सलाम ठोकणारी ओ'डफीची संघटना होती आणि पक्षाध्यक्षही ओ'डफीच. कॉसग्रेव्हसारखा माणूस त्याच्या हाताखाली उपाध्यक्ष म्हणून राहिला, हे त्याच्या चाहत्यांना सांगताना जड जातं. वर्षभरात ओ'डफीला बाहेर पडावं लागलं आणि पुन्हा कॉसग्रेव्हकडे पक्ष आला. 1944 पर्यंत त्याने तो चालवला, निवडणुका हरत हरत.

आपल्या राज्यघटनेत आयर्लंडमधून आलेलं ते कॉसग्रेव्हचं का?

एमपीएससीवाल्यांचा आवडता प्रश्न. मार्गदर्शक तत्त्वं वगैरे जे आपण घेतलं ते 1937 च्या आयरिश राज्यघटनेतून, म्हणजे डी व्हॅलेराच्या. कॉसग्रेव्हच्या काळातली 1922 ची वेगळी. परीक्षेत गोंधळ करू नका.

घराण्यात पुढे कोणी राजकारणात आलं?

कॉसग्रेव्ह 16 नोव्हेंबर 1965 ला गेला, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि सत्तेत तेव्हा फियाना फॉलच होता. मुलगा लियम 1973 ते 1977 पंतप्रधान होता. बापासारखाच शांत, कडक, घोड्यांचा वेडा. 1974 मध्ये त्याच्याच सरकारने गर्भनिरोधकांच्या विक्रीला मर्यादित परवानगी देणारं विधेयक आणलं, आणि मतदानाच्या वेळी हा पंतप्रधान कोणाला काही न सांगता उठला आणि स्वतःच्या सरकारच्या विरोधात मत देऊन आला. विधेयक पडलं, सरकार मात्र टिकलं.